ताईचा बिकानेरचा पेशंट

ताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नवी मुंबईत, सीवूड्सला तिच्याच दवाखान्यात बसून "डॉक्टर येतीलच एवढ्यात" असं पेशंटना सांगत होतो. दुपारी जरा आडवी झाली, ती उठलीच नाही... थोरली बहीण माझी, त्वचारोगतज्ज्ञ. मी निवृत्त झाल्यावर तिनं मला फोन घ्यायला बसवलं होतं. पगार शून्य, बोलणी रोज. लग्नाच्या पंगतीतही ही बाई समोरच्याच्या मानेवरचा चट्टा निरखत बसायची. आता महिना उलटला, तरी मला दिगंबरचाच प्रसंग सारखा आठवतो.

दिगंबर मूळचा परभणीकडचा, बिऱ्हाड उरणला. न्हावा शेव्याहून बिकानेरकडे कंटेनर न्यायचा. गालावर फोड आलेला. दुखत नव्हता, पण भरतही नव्हता. मलमं लावून थकला होता. दारातूनच म्हणाला, "बाई, महारोग तर नाही ना? घरचे लेकराला माझ्याजवळ येऊ देईनात."

ताईनं विचारलं, "तिकडे झोपता कुठे?"

"ढाब्यामागं, उघड्यावर."

तिनं फोडाच्या कडेचा नमुना घेतला. तपासणीत परजीवी सापडले. वाळूमाशी चावल्यानं होणारा हा आजार आपल्याकडे क्वचितच दिसतो, त्यामुळे ताई इतकी खूश झाली की मला तिचा रागच आला. पण दिगंबरला तिनं शांतपणे सांगितलं, "महारोग नाही. बरं होणार. हात लावून हे कुणाला होत नाही, लेकराला खुशाल घ्या."

पुढच्या खेपेला त्याच्यासोबत त्याची बायको सुनीता आली. ताईचं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मंग तुमी हातमोजे कशाला घालता?" ताईनं हातातल्या मोज्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या हातावरचं काही याच्या जखमेत जाऊ नये म्हणून." सुनीताला ते पटलं नाही. "भरू द्या आधी, मंग बघू," म्हणून उठली. दिगंबरचा चेहरा बघवत नव्हता.

इंजेक्शन फोडाच्या कडेनं, गालातच द्यायचं. भलतंच दुखायचं. ताई त्याला रस्ता सांगायला लावायची. तो डोळे मिटून सुरू करायचा, "मनोर... वापी... सुरत..." मध्येच थांबला की ही विचारायची, "भरूचला ट्रॅफिक आहे का?" तो हसायचा, गाल हलायचा, मग हीच त्याला रागवायची. दोन ट्रिपांच्या मध्ये जमेल तसं त्यानं सगळं औषध पुरं केलं. "आता सुकायला वेळ लागेल. सुकलं की दाखवायला या," ती म्हणाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

गेल्या आठवड्यात मी दवाखाना आवरत होतो. दार ढकलून दिगंबर आत आला. खांद्यावर लेक झोपलेली, मागे सुनीता. जखमेच्या जागी आता फिकट वण होता, आणि पोरीनं झोपेत त्यावरच आपला गाल टेकला होता. सुनीता तिचं टोपडं नीट करत होती.

"बाई आत हायत का? दाखवायला या म्हणल्या होत्या."

मी त्याला ताईच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसवलं, दिवा लावला, चष्मा पुसला आणि तो वण पुष्कळ वेळ नीट बघितला... मग त्याला ताईचं सांगितलं.