तांदळातलं नाव

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. ग्वाल्हेरात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या, बोलणं अर्धं हिंदी झालं, पण सुनेचं नाव बदलायचं काही सुटलं नाही. मला ते कधीच आवडलं नव्हतं. आधार कार्डावर मी माहेरचंच ठेवलं. लेकीच्या जन्मदाखल्यावर मात्र सासूबाईंनी हौसेने नवं घालायला लावलं.

लेक दोन वर्षांची झाली आणि तिच्या हृदयाला छिद्र असल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं कुटुंब सरकारी विम्यात बसतं, ऑपरेशन फुकट होईल. फक्त पोरीचं विम्याचं कार्ड काढून आणा, आणि उशीर करू नका. खासगी बाजार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या दुकानावर एवढं ऑपरेशन निभणारं नव्हतं.

बाडा चौकाजवळच्या, कार्ड काढून देणाऱ्या केंद्रावरच्या माणसाने माझं आधार पाहिलं, दाखला पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, बच्ची की माँ को ले आइए."

मीच आई, मी सांगितलं. त्याने नवऱ्याला हळूच विचारलं, ही पहिली बायको का? नवरा हसला. माझं डोकंच फिरलं. लेक माझ्या कडेवर होती, धापा टाकत, आणि कागदावर मी तिची कोणीच नव्हते. तांदळाची हकिगत मी त्याला समजावली. त्याने ऐकून घेतली बिचाऱ्याने, पण कॉम्प्युटरला त्याचं काय?

कार्ड हातात पडल्याशिवाय गप्प बसायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. आधारवर नवं नाव चढवायला महिने लागले असते. दाखल्यावरचं बदलणं लवकर होणार होतं. घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. दाखल्यावरून तुम्ही दिलेलं नाव काढणार, असं सरळ सांगितलं. सासूबाई वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"ते नाव मी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच येते काढायला. पोरीचं काम नाही अटकायला पाहिजे."

महापालिकेच्या रांगेत त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. शपथपत्रावर साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच. दाखला बदलला, कार्ड निघालं.

ऑपरेशननंतर नर्सने दारातून मुलीच्या आईला हाक मारली, माझ्या माहेरच्या नावाने. सासरी ते नाव कोणी कधी उच्चारलंच नव्हतं. हाक मलाच आहे हे लक्षात न येऊन मी बसूनच राहिले. सासूबाईंनी तेच नाव घेऊन मला हलवलं.

"जा," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आली असेल. आई पाहिजे तिला."