दोन पटांवरचा एक डाव

टॅक्सी खाली येऊन उभी राहिली तेव्हा माझी मोठी बॅग हॉलच्या मधोमध आडवी पडलेली होती आणि तिच्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. बॅगेच्या एका बाजूला मी, प्रवासाचे नवे बूट घालून, आणि दुसऱ्या बाजूला माझी मुलगी गार्गी, शाळेच्या गणवेशात. ती तेव्हा दुसरीत होती. ‘एक डाव खेळ आणि मग जा,’ एवढीच तिची अट होती. रडारड टळतेय म्हटल्यावर मी ती आनंदाने मान्य केली होती. आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं, ते चाटता चाटता मी दुसऱ्या हाताने उंट हलवला. ड्रायव्हरचा पुन्हा फोन आला. शेवटी बाबा म्हणाले, “बाळा, आता बॅग उचलायला हवी.” गार्गीने एकेक सोंगटी डब्यात भरली, पट घडी करून काखेत मारला आणि बाजूला झाली. रडली नाही. रडले मी, तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरताना, आणि खालच्या काकूंना ते दिसू नये म्हणून उगाच पर्समध्ये पासपोर्ट शोधत राहिले.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या नर्सिंगसाठी परदेशी आलेल्या बायकांसाठी, आणि त्यांची पोरं सांभाळत मागे राहिलेल्या त्यांच्या आईबापांसाठी. सल्ला द्यायचा नाहीये. माझा सल्ला कोणी घ्यावा अशी माझी परिस्थिती नाही.

मी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. गार्गी अगदी लहान असताना माझा घटस्फोट झाला आणि मी तिला घेऊन डोंबिवलीला आईबाबांकडे परत आले. इंग्लंडच्या नोकरीचं जमलं तेव्हा घरात एकच बेत ठरला: मी पुढे जाऊन जम बसवायचा, आणि मग गार्गीला न्यायचं. हा बेत आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा बोलून दाखवला की तो झाल्यासारखाच वाटायला लागला होता. गार्गीला कोणी विचारलं नाही. दुसरीतल्या मुलीला काय विचारायचं?

बुद्धिबळ आमच्या घरात बाबांनी आणलं. तेही घर सोडून आलेलेच. राजापूरकडचं गाव सोडून ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला लागले, आणि गावी राहिलेल्या थोरल्या भावाशी कित्येक वर्षं पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळले. एका कार्डावर एक चाल. ‘राजापुढचे प्यादे एक घर. चि. मंडळी मजेत. पाऊस बरा आहे.’ आमच्या खिडकीत कायम एक पट मांडून ठेवलेला असायचा आणि झाडू मारताना त्याला धक्का लागला तर आईची धडगत नसायची. काका गेले तेव्हा डाव अर्धाच होता. बाबांनी तो पट बरेच दिवस उचलला नाही, आणि एक दिवस आईने न विचारता उचलला.

म्हणूनच माझं जायचं ठरल्यावर बाबांनी फडके रोडवरून चुंबकाचा एक छोटा पट आणला आणि माझ्या हँडबॅगेत टाकला. “इथे गार्गीचा, तिथे तुझा. दोन्हीकडे डाव एकच मांडायचा,” असं म्हणाले. पोस्टकार्डाच्या जागी फोन आला, एवढाच फरक होता त्यांच्या लेखी.

आमचा खेळ असा चालायचा. माझा दुपारचा ब्रेक म्हणजे तिची शाळेनंतरची संध्याकाळ. वॉर्डमधला शिफ्ट बदलतानाचा हँडओव्हर, डबल शिफ्ट, माझ्या मराठी इंग्रजीला ‘सॉरी, लव्ह?’ म्हणत पुन्हा बोलायला लावणारे म्हातारे पेशंट, हे सगळं बाजूला सारून मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात पट उघडायची. गार्गी सांगायची, “आई, वजिराकडचा घोडा, उंटापुढे,” की तिचा घोडा मी माझ्या पटावर हलवायचा. मग माझी चाल मी सांगायची आणि ती तिच्या पटावर माझी सोंगटी हलवायची. नियम बाबांचे, म्हणजे गावाकडचे: प्यादं पहिल्यापासून एकच घर चालणार, आणि राजाला अख्ख्या डावात एकदा, शह बसायच्या आत, घोड्यासारखी उडी मारता येणार. बाकी जगात हे चालत नाही हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. ठाण्याला शाळांची स्पर्धा होती, तिथे तिने भर डावात राजाला उडी मारायला लावली. समोरचा मुलगा हसला, सर धावून आले. ती मला फोनवर फक्त एवढंच म्हणाली, “हरले गं. पंखा नव्हता तिकडे.” खरं काय झालं ते बाबांनी सांगितलं, आणि वर, “त्यांना जुना खेळ माहीत नाही,” असं फुरंगटून म्हणाले. त्या दिवशी ती घरी येऊन कोणाच्या कुशीत रडली असेल हा विचार मी जेवताना केला आणि डबा तसाच बंद केला.

कधी कधी पट जुळेनासे व्हायचे. दोघींपैकी कोणीतरी घाईत चुकीच्या घरात सोंगटी ठेवायची आणि पुढच्या किती तरी चाली दोघी आपापल्या पटावर वेगळाच डाव खेळत बसायचो. “तुझा हत्ती तिकडे कसा असेल?” “अगं आहे ना, मी बघतेय!” “माझ्याकडे तो कधीच मेलाय!” मग कॅमेरा पटावर धरून भांडत भांडत सगळं पहिल्यासारखं लावायचं. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. पुढे पुढे भीती वाटायला लागली, कारण तिच्या बाकीच्या आयुष्यातलंही मला असंच उशिरा कळायचं: चष्मा लागला, मैत्रीण बदलली, वरणभात आवडेनासा झाला. त्याला कॅमेरा लावून काही उपयोग नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. गार्गी डाव जिंकायची नाही. म्हणजे अगदी जिंकत आणायची, आणि मग राजा उगाच इकडून तिकडे फिरवत बसायची. माझा वजीर तिच्या उंटासमोर उघडा पडलेला असायचा. मी म्हणायची, “अगं, मार ना! समोर तर आहे.” ती म्हणायची, “थांब, विचार करतेय,” आणि एक प्यादं पुढे सरकवायची. माझा ब्रेक संपत आलेला असायचा, पोटात काही गेलेलं नसायचं. मीच मग पटापट चाली करून डाव उरकायची, “चल, ठेवते हं बाळा” म्हणायची आणि वॉर्डकडे पळायची. मला वाटायचं, पोरीला शेवट करणं जमत नाही. बाबांनाही मी सांगितलं होतं, जरा शेवटचा खेळ शिकवा तिला.

जम बसला. गार्गीचा व्हिसाही झाला आणि तिला न्यायला मी सुट्टी टाकून डोंबिवलीला आले. ती आता पाचवीत होती. उंच झाली होती, दोन वेण्या जाऊन केस आखूड झाले होते. हे सगळं मी फोनवर रोज पाहत होते, तरी दारात तिला बघून माझ्या तोंडून “केवढी झालीस गं” असं निघालं, लांबच्या मावशीसारखं. ती हसली आणि आजीच्या मागे गेली.

मग ते दिवस सुरू झाले, जे मी कोणाला सांगितले नाहीत. फोनवर माझ्याशी कचाकचा भांडणारी मुलगी घरात मला पाहुण्यासारखं वागवत होती. “आजी, आईला विचार ना चहा हवाय का,” हे मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना. मी जवळ घेतलं तर अंग आखडून उभी राहायची, माझा हात निघेपर्यंत. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायची, “घेऊन जा तिला. लवकर ने. आम्ही काय जन्माला पुरणार आहोत?” आणि डोळे पुसून पुन्हा पोळ्या लाटायची. एमआयडीसीतल्या कंपन्यांचा तो ओळखीचा आंबूस वास यायला लागला की सगळे सवयीने उठून खिडक्या लावायचे. मला एकटीलाच खोकला यायचा. आईने एकदा मला पाणी दिलं आणि म्हणाली, “सवय गेली गं तुझी.”

मी गार्गीला म्हटलं, चल, एक डाव खेळू. तिने पट मांडला. समोरासमोर बसलो, तीन वर्षांनी पहिल्यांदा. ती भराभर खेळली, एक शब्द न बोलता, मला हरवलं आणि “होमवर्क आहे” म्हणून उठली. बाबा पेपर वाचत होते. ती आत गेल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“तिला शेवट येतो,” ते म्हणाले. “मी काय शिकवणार तिला? पहिल्यापासून येतो. डाव संपला की तू ‘ठेवते’ म्हणतेस. म्हणून ती संपवत नव्हती.”

एवढ्या दिवसांत हे मला सांगावंसं नाही का वाटलं, असं विचारणार होते. पण काय उपयोग होता? त्यांनी सांगितलं असतं तरी माझा ब्रेक तेवढाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गार्गी आपणहून माझ्यापाशी आली. हातात पट होता. जमिनीकडे बघत म्हणाली, “आई, आपण फोनवर खेळूया का?”

“अगं, मी इथेच आहे की.”

“हो, पण फोनवर. तू इकडे हॉलमध्ये बस. मी आत जाते.”

आणि आम्ही तसं खेळलो. ती बेडरूममध्ये, दार लोटून. मी हॉलमध्ये, चुंबकाचा पट सोफ्यावर ठेवून. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, काय वेडेपणा चाललाय म्हणून, आणि मग काही न विचारता परत गेली. स्क्रीनवर गार्गीचा चेहरा आला, तोच रोजचा, कपाळ अर्धं कापलेलं. ती बोलायला लागली. केवढं बोलली! वर्गातल्या बाई, आजोबांचा गुडघा, टिटवाळ्याला मामाच्या नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये अडकल्याची गोष्ट, सगळं. तिचा प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकू येत होता. आधी दारामागून, आणि मग क्षणभराने फोनमधून. मी हसत होते, हूं हूं करत होते, आणि माझ्या हाताने तिच्या सोंगट्या हलवत होते.

मग तिने माझा वजीर मारला. नंतर हत्ती. थांबली नाही, विचार करतेय म्हणाली नाही. “शह,” म्हणाली. मी राजा सरकवला. “शह आणि मात. आई, संपला डाव.”

“छान खेळलीस गं.”

“आता मी एक सांगू? मला नाही यायचं.”

दारामागून आलं, आणि मग फोनमधून पुन्हा आलं. जे एकदाही ऐकायचं नव्हतं ते मी दोनदा ऐकलं.

“रागावलीस?” तिने विचारलं. मी नाही म्हणाले. खरंच नव्हते रागावले. तिने ते सांगायला डाव संपवला होता. मी फोन ठेवला तरी चालेल अशी तयारी करून ती बोलली होती, आणि हे कळल्यावर रागावायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

उचलून नेता आलं असतं. कागद तयार होते, मी आई होते, आणि पोरं रुळतात असं सगळेच सांगतात. आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, “तू तिचं ऐकतेस म्हणजे काय?” म्हणून. बाबा म्हणाले, “तुझं तू ठरव,” आणि बाहेर चालायला गेले. मग तूच का नाही परत येत, हे तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ओठांवर आलेलं मला दिसतंय. पगार हे एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. पण दुसरंही आहे आणि ते सांगायला जास्त जड जातं. मला इथलं काम आवडतं. इथे मी घटस्फोट होऊन माहेरी परत आलेली कोणाची मुलगी नाही. मला ते पुन्हा व्हायचं नाहीये. मला मुलगी हवी होती आणि हे आयुष्यही हवं होतं, आणि त्यातलं एकच मिळणार आहे हे मला दुसऱ्या कोणी नाही, एका पाचवीतल्या मुलीने सांगितलं.

मी एकटी परत आले. मी टॅक्सीत बसल्यावर गार्गीने खिडकीतून हात आत घालून माझ्या गालाला लावला. अंग आखडलं नव्हतं तिचं. जाणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते तिला येतं, आम्हीच शिकवलंय.

इतकी वर्षं वॉर्डमध्ये कोणी विचारलं, मोठी सुट्टी मिळाली तर कुठे जाशील, की मी म्हणायची, घरी. घर म्हणजे डोंबिवली, त्यात मला कधी शंका नव्हती. इथला हा फ्लॅट मी ‘रूम’ म्हणायची, कधी ‘तिकडचं’ म्हणायची. तिच्यासाठी घेतलेला छोटा पलंग असलेल्या खोलीत आता नागपूरहून आलेली नवी नर्स राहते. तिचा मुलगा सासूकडे आहे. संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा त्याच्याशी चाललेला फोन ऐकू येतो आणि मी टीव्हीचा आवाज वाढवते.

त्या दिवशी विमानतळावरून येऊन मी कुलूप उघडत होते. एका हातात बॅग, काखेत कोट, आणि फोन वाजला. गार्गी होती. मागे आजीच्या भांड्यांचा आवाज येत होता, आजोबा काहीतरी शोधत होते.

“आई,” ती म्हणाली, “पोचलीस का तुझ्या घरी?”

मी दार ढकललं, आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, “हो गं. पोचले.”