क्रेनला ज्वारी

पलासियाच्या सिग्नलवर झेंडूच्या टोपलीचा वास आला, शेजारच्या बांधकामावरची क्रेन दिसली आणि मी गाडीत एकटीच हसले.

सांवेर रोडच्या कारखान्यात बाबा क्रेन चालवायचे. दसऱ्याला यंत्रांची पूजा असे, तेव्हा घरच्यांनाही आत सोडत. ग्रीस, उदबत्ती आणि झेंडू यांचा मिळून एकच वास दरवळायचा. एका वर्षी बाबा नारळ फोडणार, एवढ्यात शाळेत इंग्रजी शिकवणारी आई म्हणाली, "अहो, इंग्रजीत क्रेन म्हणजे मुळात सारस पक्षी. त्याच्या लांब मानेवरून यंत्राला हे नाव पडलं."

पूजेत मध्ये बोललेलं बाबांना मुळीच खपत नसे. मी आईचा पदर घट्ट धरला.

बाबांनी नारळ खाली ठेवला. "अगं, पहले बताना था ना! पक्षी नारळ खाईल का?" शेजारच्या कामगाराकडे वळून ते म्हणाले, "भिया, जरा ज्वारी आणा."

मग क्रेनला कुंकवाचे दोन डोळे काढून त्यांनी हुकाखाली दाणे पसरले. पत्र्यावरच्या चिमण्या भराभर उतरल्या.

"बघा, नातेवाईक आले जेवायला!" बाबा म्हणाले.

तेव्हा मी चिमण्याच बघत होते. बाबा आईकडे बघत होते, हे मला आज दिसलं.