पडद्याचं फडकं

धुळ्याच्या स्टेशनाजवळच्या त्या हॉटेलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. समोर भजी-पाव आला की मला कशाचीच शुद्ध नसे. तो प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा. बायकांसाठी कोपऱ्यात पडदा होता. एकदा आम्ही तिघी मैत्रिणी मुद्दाम बाहेर बसलो. मी सगळ्यांत मोठी बंडखोर, म्हणून पदरात तोंड लपवून.

रोज येणारे एक वकील गुरगुरले, "पोरींना पडद्याआड बसव, नाहीतर मी चाललो."

हॉटेलवाल्याने शांतपणे पडदा काढला आणि त्याच पडद्याने वकिलांचं टेबल पुसलं. "आबा, पडदानं फडकं व्हयी गयं, फडकं व्हयी गयं. काय आणू?"

मग माझ्याकडे वळला. "अक्का, तो पदर बी द्या, पदर बी द्या. अजून दोन टेबल पुसाना बाकी शेतस."

तेव्हा उघडं पडलेलं तोंड मी अजून मिटलेलं नाही.