दोन पातेल्यांचा निळा

थोरलीच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. चुकून बसलीच, तर ती रंगाच्या पातेल्यात जाईल, असं तिचा दीर म्हणायचा. अर्थात ती घरात नसताना.

त्या घरातल्या दोघी जावांना सगळी गल्ली थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायची. नवरा गेल्यापासून थोरली दिराच्या घरी राहत होती. पण राहत होती ती आश्रितासारखी नाही हं! मागच्या खोलीत रेशीम रंगवायची आणि घरात ताठ मानेनं वावरायची. खोली कसली, एक मोठी खिडकी, एक मोरी, दोन शेगड्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या. ओलं रेशीम वाळत पडलं की आत जाणाऱ्याला कमरेत वाकूनच जावं लागायचं. दीर म्हणायचा, वहिनीच्या दरबारात मुजरा केल्याशिवाय प्रवेश नाही.

कामाची वाटणी पक्की होती. कोरं रेशीम साबणाच्या पाण्यात उकळून त्याचा चिकटपणा काढायचा, रंग कालवून फडक्यातून गाळायचा, कापड सोडायचं आणि काठीनं हलवत राहायचं, हे थोरलीचं. हात थांबला की डाग पडलाच म्हणून समजा. पुढचं सगळं धाकटीकडे. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खळबळायचं, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि दमट असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची. काम नीट झालं की रेशीम मुठीत दाबल्यावर करकर वाजतं. धाकटीचं रेशीम असं वाजायचं की ऐकत राहावं.

पण रंगाचा हात इस्त्रीला नाही आणि इस्त्रीचा हात रंगाला नाही, हा थोरलीचा कायदा. एकदा धाकटी नुसतं म्हणाली होती, "जाऊबाई, जरा गडद वाटतोय का हो?" त्यावर थोरलीनं तिला असं काही झाडलं, की बिचारीनं कानाला खडा लावला.

आणि खरं सांगायचं तर थोरलीला बोलायचा अधिकारही होता. काळ्यातले पाच काळे ती नुसत्या नजरेनं वेगळे काढायची. चौकातली टेलरबाई नमुन्याचा तुकडा आणायची, थोरली तो खिडकीत धरायची, जरा डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "ठेव. होईल." व्हायचाच.

अलीकडे टेलरबाई निळ्यावर फार खूश होती. "काय जादू केलीत हो? गिऱ्हाइकं दुसरा निळा बघायलासुद्धा तयार नाहीत. असा खोल आणि शांत निळा तुमच्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता."

झालं! थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. दिवसभर ती धाकटीला ऐकवत होती, "बघितलंस? वय वाढतं तसा हात पिकतो. नुसती इस्त्री फिरवून नाही येत हे." धाकटीनं मान हलवली आणि मूग गिळून इस्त्री फिरवत राहिली.

त्याच संध्याकाळी धाकटीनं चहाचा कप पुढे केला आणि थोरलीची नजर तिच्या बोटांवर गेली. इस्त्रीवालीची नखं ती! त्यांच्यावर कधी टिपूस नसायचा. आज कडेनं तपकिरी रेघ होती. आणि कितीतरी दिवसांत घरात निळ्याशिवाय रंगच शिजला नव्हता.

"हे काय गं?"

धाकटीनं हात पदराखाली घेतला.

"माझ्या रंगात हात घातलास तू? माझ्या?" थोरलीचा आवाज असा चढला, की पुढच्या खोलीत दिरानं रेडिओ बंद केला.

"घातला," धाकटी म्हणाली. ती मागे सरली नाही. "रागवा, हवं तेवढं रागवा. पण आधी खिडकीशी या. उजेड आहे तोवर या."

तिनं दोरीवरचे दोन तुकडे काढून थोरलीच्या हातात दिले. "यातला एक तुम्ही पातेल्यातून काढलात तसाच ठेवलाय. दुसऱ्याला मी नंतर हात लावला. कुठला तुमचा, सांगा."

थोरलीनं तुकडे धरले. डोळे बारीक केले. खिडकीबाहेर हात काढून पाहिलं, उलटून पाहिलं, एकावर एक ठेवून पाहिलं.

"दोन्ही सारखेच तर आहेत," ती म्हणाली.

 धाकटीचे डोळे भरून आले होते. ते पाहिल्यावर थोरलीच्या पायाखालची जमीनच सरकली. काळ्यातले पाच काळे ओळखणारी ती, आणि तिच्या हातात दोन वेगळे निळे होते, आणि तिला ते एकच दिसत होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"झाले बरेच महिने. तुमचा निळा भडक यायला लागला, जाऊबाई. डोळ्यांत घुसेल असा. तुम्हाला तो फिका दिसायचा म्हणून तुम्ही आणखी टाकायचात. मग तुम्ही बाजारात गेलात की मी दुसऱ्या पातेल्यात चिमूटभर तपकिरी कालवून कापड पुन्हा काढायचे. थंडावा यायचा त्याला."

"मग तोंडानं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काठी खाली ठेवली असतीत. तुम्हाला मी ओळखते ना! काठी ठेवल्यावर तुम्ही या घरात कशा बसला असतात, ते मला बघवलं नसतं."

थोरली तिथंच पाटावर बसली. जिला आयुष्यभर टोचून बोललो, तिनं आपली अब्रू राखली. वर दिवसभर आपलीच शेखी ऐकून घेतली. तिला रडू आलं. धाकटीही शेजारी बसली, आणि दोघी जावांनी चहा थंड होऊ दिला. दीर दारातून डोकावला आणि शहाण्यासारखा परत फिरला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. "निळा रंग मार खातो यात. ऑपरेशन केलं की दिसेल." घरी परतताना रस्ताभर थोरलीनं धाकटीचा हात घट्ट धरला होता. आधाराची गरज होती म्हणून नव्हे.

एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली त्या दिवशी ती घरभर फिरली. एक डोळा झाकायची, मग दुसरा. "अगं, या डोळ्यानं सगळं चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं दिसतंय! आणि या डोळ्यानं बघ, तुझं पातळ निळं आहे की! मी राखाडी समजत होते!" धाकटी हसून हसून बेजार झाली.

दुसराही डोळा झाला आणि काठी पुन्हा थोरलीच्या हाती आली. टेलरबाई नमुना न आणताच तोच निळा मागायला आली. थोरलीनं मन लावून केला. स्वच्छ, नितळ, कुठं डाग नाही असा. टेलरबाईनं खिडकीत धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"छान आहे हो. पण तो नाही हा. तो मधल्या दिवसांतला खोल निळा हवा होता."

थोरलीनं पुन्हा केला. पुन्हा तेच. निळा उत्तम, पण तो नाही. टेलरबाई म्हणाली, "अहो, तुमचाच तर रंग! विसरलात कशा?"

धाकटी इस्त्रीजवळ खाली मान घालून उभी होती. तिला वाटलं, आता जाऊबाई काहीतरी थाप मारतील. आपणही हो ला हो करू.

"विसरले नाही," थोरली म्हणाली. "मला येतच नाही तो. त्यात आधी माझी चूक लागते आणि वर हिची दुरुस्ती. चूक मी पुन्हा करीन, त्यात काय! पण तपकिरी किती, ते हिलाच ठाऊक आहे. यापुढे त्या निळ्याची तारीफ करायची, तर हिच्याकडे तोंड करून करायची."

मग तिनं दुसरी शेगडी पेटवली, वर पातेलं ठेवलं आणि काठी धाकटीच्या हातात दिली. "धर. मी पाणी आणते."