सवाल कुणाचा

अंकुश मांडी मोडून गुडघ्यावर आला व्हता आन् समोरच्या म्हाताऱ्याला तुरीगत सोलायला लागला व्हता.

"नाव कुणाचं, अप्पा?"

"माझं," बसवंतप्पा म्हणले.

"तुमचं हाय म्हंजी ते तुमी न्हाई. काढा फोलपट. हात कुणाचा?"

"माझाच की."

"तेबी फोलपट. आवाज? बुद्धी? जीव? समद्याला माझं माझं म्हणायलाव. समदं काढलं आता. आतली डाळ दावा. तुमी कोण?"

अंकुशच्या राजेश्वर गावची माणसं मांडीवर थापा मारून हसली. मन्नाएखेळ्ळीच्या देवळापुढं भर दुपारी दोन्ही गावं बसली व्हती. भजनात असे सवाल-जवाब चालायचे, मराठीत न्हाईतर कानडीत, ज्याला जे यील त्यात. कायदा मातर पक्का. सवाल टाकणाऱ्यानं त्यो कुणापासनं घेतला त्याचं नाव घ्यायचं. उत्तर देणाऱ्यानंबी घ्यायचं. हरला त्यानं एकतारी समोरच्यापुढं ठेवायची आन् त्या गावात परत गायचं न्हाई. बसवंतप्पाचं तर ते सोताचंच गाव.

"सवाल झ्याक हाय," म्हातारा म्हणला. "कुणापासनं घेतलास, लेकरा? नाव घेतलं न्हाईस."

अंकुशची मान बायकांकडं वळता वळता राहिली. तिथं त्याची आई बसली व्हती, चंद्रभागाबाई. मन्नाएखेळ्ळी तिचं माहेर, म्हणून गाडीत संगं आली व्हती. जलमभर तिनं लोकांच्या तुरी भरडल्या. सवाल तिचाच व्हता. जात्यापाशी बसलेल्या पोराला ती इचारायची आन् हसायची. उत्तर मागितलं की म्हणायची, "मोठा हो, मग सांगते." उर्दू शाळेतनं पळून आलेल्या अंकुशला जे काय येत व्हतं, ते त्या जात्यापाशीच आलेलं. पण दोन गावांपुढं डाळ भरडणाऱ्या बाईला गुरू म्हणायचं? पोरं जगू देतील व्हय?

"माझाच हाय," त्यो म्हणला.

"तुझा? मग तेबी फोलपटच की रं."

कुणी हसलं न्हाई, कुणाला उमगलंच न्हाई. बसवंतप्पानं बायकांकडं बघितलं. तोंड उघडलं, परत मिटलं. मग दोन्ही हातांनी एकतारी उचलली आन् अंकुशपुढं ठेवली.

"मला येत न्हाई ह्याचं उत्तर."

पोरांनी अंकुशला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात मागनं हाक आली, "अंकुशा." झोपेत असला तरी ह्या हाकेला त्यो 'ओ' द्यायचा.

"आरं, म्हातारी बोलवायली तुला," खालचा गडी म्हणला.

अंकुशनं ऐकलं व्हतं. त्यानं 'ओ' दिली न्हाई.

गाडीत ती मागं बसली, त्यो पुढं. हुमनाबादच्या अलीकडं तिनं भाकर सोडली आन् पहिला तुकडा त्यालाच दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला घास तरी गिळवला असता.

एकतारी खुंटीला लागली ती लागलीच, त्यानं तिला कधी बोट लावलं न्हाई. त्यानंतर आईनं हाक मारली की त्यो हातातलं काम टाकून तिच्यापुढं जाऊन उभा ऱ्हायचा. तोंडातनं 'ओ' मातर निघायची न्हाई. ती तापानं गेली तवर असंच चाललं. उत्तर त्यानं मागितलं न्हाई, मागायचं तोंडच राहिलं नव्हतं. त्याला खोटारडा म्हणणाऱ्यानं आधी चारचौघांत आपल्या आईचं नाव घेऊन दावावं.

निजामावरची पोलीस ॲक्शन झाल्यावर बसवंतप्पाची लेक महानंदा राजेश्वरला आली. अप्पा वारले व्हते, तिला एकतारी पाहिजे व्हती. अंकुशनं खाली मान घालून ती काढून दिली. तिच्याकडनंच कळलं ते. चंद्रभागाबाई लगीन व्हायच्या आधी ह्यांच्याच अंगणात तुरी भरडायची. सवाल आन् उत्तर, दोन्ही अप्पांनी तिच्यापासनंच घेतलेलं. उत्तर दिलं असतं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आन् पोरगं आईच्या डोळ्यांदेखत खोटं पडलं असतं.

"उत्तर काय व्हतं, अक्का?" अंकुशनं इचारलं.

"समदं फोलपट काढल्यावर," महानंदा म्हणली, "कुणी हाक मारली की आतनं जे 'ओ' देतंय, ते."