पेनाने लिहिलेले अठरा मार्क

"मॅडम, तोंडीचे मार्क पेन्सिलने भरा. आणि ही चार नावं आठच्या वर जाऊ देऊ नका."

मुख्याध्यापकांनी स्टाफरूमच्या दारातच हे सांगितलं आणि माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. नववीची वार्षिक परीक्षा संपली होती. इंग्रजीची तोंडी तेवढी उरली होती.

आधी हिशेब समजून घ्या. इंग्रजीचे मार्क शंभर. ऐंशी लेखी, वीस तोंडी. पास व्हायला पस्तीस. तोंडीत मुलाला इंग्रजी ऐकून कळतं का आणि बोलता येतं का, हे तपासायचं असतं. आमच्या शाळेत ती कधी होतच नसे. लेखी पाहून तोंडी भरायची. हुशाराला एकोणीस, मधल्याला पंधरा, आणि ज्याला दहावीत जाऊ द्यायचं नाही त्याला आठ. पेन्सिलने, म्हणजे वरून सांगतील तसं खोडता येतं. याला 'गाळणं' म्हणतात. नववीत कच्ची मुलं गाळली की दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो आणि गेटवर बॅनर चढतो.

चिठ्ठीत तिसरं नाव तस्लीमचं होतं. लेखीत ऐंशीपैकी एकोणीस. स्पेलिंगचा आनंदच होता. बाकी विषयांत ती काठावर पास होती. तोंडीत आठ दिले की ग्रेसचे मार्क मिळूनही ती वर येणार नव्हती. तिची आई मागे पालकसभेला आली होती तेव्हा म्हणाली होती, "बाई, एक साल जरी गेला ना, तर हिचे चाचा बोलतील, बस झाली शाळा. मग माझा कोण ऐकतंय?"

म्हणजे आठ मार्कांत एका मुलीची शाळा संपत होती. ती तोंड उघडण्याआधीच.

मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. खरी.

व्हरांड्यात टेबल टाकलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एक प्रसंग. दिवेआगरच्या होमस्टेला फोन करून खोली विचार. दवाखान्यात डॉक्टरची वेळ घे. एसटीत बॅग राहिली, अलिबागच्या स्टँडवर चौकशी कर. मुलाने डोळे मिटून चिठ्ठी उचलायची, समोरचा माणूस मी. मार्क कशाचे, तेही फळ्यावर लिहिलं: ऐकून कळलं का, पाच. आपलं म्हणणं पोचलं का, दहा. अडल्यावर मार्ग काढला का, पाच. मार्क तिथेच सांगायचे, पेनाने लिहायचे, पुढे मुलाची सही घ्यायची. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू.

वर्गात पहिला येणारा अद्वैत आला. चिठ्ठी होमस्टेची. मी फोन उचलल्यासारखं केलं, "हॅलो, हाउ मेनी पीपल?"

तो सावधानमध्ये उभा राहिला. "माय सेल्फ अद्वैत. माय एम इन लाइफ इज टु बिकम अ डॉक्टर..."

"अरे, खोली हवी आहे ना तुला?"

"मॅडम, हे पाठ न्हाय केलंय."

अकरा दिले. त्याने सही केली. डोळ्यांत पाणी होतं. चूक त्याची नव्हती, आम्ही त्याला पाठांतरच विकलं होतं.

तस्लीमला बॅगेची चिठ्ठी आली. मी चौकशीच्या खिडकीतला वैतागलेला माणूस झाले. "नो बॅग हियर. कम टुमॉरो."

"नो सर, वेट. ब्लू बॅग. आय सिट बॅकसाइड. यू लुक वन टाइम, प्लीज."

"आय ॲम बिझी."

"ओके. व्हॉट इज युवर नेम, सर? टुमॉरो आय कॉल, आय टेल युवर नेम. व्हॉट टाइम यू ओपन?"

मला हसू आवरेना. "नाव कशाला विचारलंस?"

"नाव न्हाय विचारलं तर उद्या परत पहिल्यापासून सांगायला लागतं, मॅडम. अब्बा कुवेतला हॉस्पिटलमध्ये होते ना, दोन महिने. घरात मीच फोन करायची. तिथली सिस्टर केरळची, तिला हिंदी येत न्हाय. अब्बा जेवले का, टाके कधी काढणार, सगळं मीच विचारायची."

तिची वाक्यं मोडकी होती. पण समुद्रापलीकडून बातमी आणत होती. अठरा दिले. पेनाने.

सरांच्या चिठ्ठीतल्या चौघांपैकी एकाला खरोखरच सहा मिळाले. मी सहाच लिहिले. तो नववीतच राहिला. ते मला अजून टोचतं. परीक्षा खरी घ्यायची म्हटली की हेही हातून होतं.

मुख्याध्यापकांनी मार्कांचा तक्ता पाहिला. "पेन्सिलने सांगितलं होतं."

"हो सर."

"अद्वैतला अकरा आणि हिला अठरा? मॅडम, तुम्ही शिक्षणसेवक आहात, कायम व्हायला तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत. जरा विचार करा."

"विचार करूनच पेन घेतलं. रेकॉर्डिंग ऐकता?"

"रेकॉर्डिंग नको. तिलाच बोलवा."

तस्लीम आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. सरांनी चष्मा वर केला. "व्हाय आर यू सो वीक इन इंग्लिश?"

तिने ओढणी सोडली. "सर, इन रायटिंग आय ॲम वीक. इन टॉकिंग, यू टेल मी."

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "उद्धट आहे."

"असेल सर. पण प्रश्न कळला, उत्तर पोचलं. उद्धटपणाचा रकाना तोंडीत नाही."

तक्ता बदलायचा तर एकेक सही खोडावी लागली असती, तीही मुलांच्या देखत. सरांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि दोन दिवसांनी मुकाट्याने सही करून दिला. तस्लीम सदतीस मार्कांनी पास झाली.

जूनमध्ये माझ्याकडची इंग्रजी गेली. आता मला पाचवीची चित्रकला आणि वाचनालयाचं कपाट आहे. माझ्या अहवालात शेरा आहे: 'सहकार्याची वृत्ती कमी.' बरोबर आहे. या कामात ती कमीच ठेवणार आहे.

बाकी शिकले ते एवढंच: मार्क मुलाच्या समोर लिहावेत आणि खोडरबर घरी ठेवावं.

दहावीची इंग्रजी आता सर स्वतः घेतात. ऐकते की तस्लीम तासाला हात वर करते आणि उत्तर मिळेपर्यंत खाली घेत नाही.